खडकाआधी भेगा वाचा

खाणी आणि बोगद्यांचा खडक वाचण्यात माझी नोकरी गेली; आता निवृत्त आहे आणि वाचकांच्या प्रश्नांना इथे उत्तरं देते. पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. डोंगर, दरड, भिंत, खाण यांची आठवण मुंबईकरांना जूनमध्येच होते. या वेळी चार पत्रं निवडली आहेत. काहींना सविस्तर उत्तर हवं होतं, ते तसंच दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका बोगद्याच्या कामावर इंटर्नशिप करतोय आणि मला कोअर लॉगिंग, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दांड्याची नोंद, दिलंय. १.५ मीटरच्या रनमधला, म्हणजे ड्रिलच्या एका फेरीतला, सगळा कोअर हाती आला, एक सेंटिमीटरही हरवला नाही, तरी माझा आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे ते सांगणारा आकडा, ५५ टक्केच निघाला. आमचे सिनिअर म्हणाले, "तुकडे जोडून मोज, वाढेल." असं करायचं असतं का?
— एक विद्यार्थी, कल्याण

उत्तर : तू तुकड्यांची मापं पाठवलीस हे फार चांगलं केलंस. ती इथे देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल : २४, ८, ६, १३, ९, ७, १९, ५, ८, १६, ४, ९, ११, ५ आणि ६ सेंटिमीटर. बेरीज बरोबर १५०. म्हणजे कोअर पूर्ण मिळाला. पण आरक्यूडी काढताना १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडेच धरायचे. ते झाले २४, १३, १९, १६ आणि ११, मिळून ८३. दीडशेतले ८३ म्हणजे ५५ टक्के. तुझं गणित चोख आहे. डॉन डीअर या अमेरिकन अभियंत्याने १९६०च्या दशकात ही पद्धत आणली ती याचसाठी की, कोअर किती मिळाला यापेक्षा तो किती तुटलेला आहे हे कळावं.

आता सिनिअरांचं म्हणणं. ते बरोबर असू शकतं आणि चूकही असू शकतं. ८ आणि ६चे तुकडे जोडले की १४ होतात, ९ आणि ७चे जोडले की १६. एकूण ११३, म्हणजे ७५ टक्के. "मध्यम" खडक एका झटक्यात "चांगला" होतो. खडकाला गुण देऊन त्याची प्रत ठरवणाऱ्या, बिनियाव्स्की यांच्या आरएमआर पद्धतीत तेवढ्याने १३चे १७ गुण होतात, आणि पुढे बोगद्याला खडक धरून ठेवणारे किती रॉक बोल्ट मारायचे, शॉटक्रीट म्हणजे फवाऱ्याचं काँक्रीट किती जाड द्यायचं, हे त्या बेरजेवर ठरतं.

म्हणून तुकड्यांची तोंडं हातात घेऊन बघ. तोंड ताजं आहे, खरखरीत आहे, दोन्ही बाजू एकमेकांत नीट बसतात, डाग नाही, लेप नाही? मग तो तुकडा ड्रिलिंगमध्ये किंवा कोअर बॅरलमधून ठोकून काढताना मोडलाय. तो जोडायचा, आणि जोडलाच पाहिजे. पण तोंडावर गंजाचा पिवळट डाग असेल, मातीचा लेप असेल, आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, दिसतो तसा झिओलाइटचा किंवा कॅल्साइटचा पांढरा पापुद्रा असेल, तर ती भेग तिथे तुझ्या-माझ्या आधी लाखो वर्षं आहे. ती जोडायचा अधिकार कुणालाच नाही.

आणखी एक. लॉगिंग त्याच दिवशी कर. मुंबईच्या जमिनीखाली काळा पाषाण एकटा नसतो. दोन लाव्हांच्या मध्ये तांबडा मातकट थर येतो, ज्वालामुखीच्या राखेचा टफ येतो, दगडाच्या तुकड्यांचा ब्रेशिया येतो, कुठे चिखलाचं झालेलं शेल येतं. टफ आणि शेल बॉक्समध्ये दोन दिवस उन्हात वाळले की आपोआप तडकतात आणि मग जमिनीतली भेग कुठली, बॉक्समधली कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. कोअर ओला करून फोटो काढ, बॉक्सचा नंबर आणि खोली दिसेल असा.

हे एवढं तळमळीने लिहायला कारण आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या एका लॉगमधला आरक्यूडी कुणीतरी ६१चा ७८ केला होता. टंकलेखन होऊन आलेला कागद मी पाहिला, आकडा माझा नव्हता हे ओळखलं आणि तरीही सही केली. नवी होते, घाबरले. पुढे त्याच भागात रात्रपाळीला छतातून सुमारे दोन टनांचा ठोकळा खाली आला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. त्या सहीचं ओझं मी अजून उतरवलेलं नाही. तू तुझी मापं पेनने लिही, आणि वहीची एक प्रत घरी ठेव.

प्रश्न : आमची सोसायटी घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आहे. मागे पूर्वी दगडाची खदान होती, तिथे डोंगर कापून सुमारे चार मीटर उंच आणि तीस मीटर लांब भिंत बांधली आहे. भिंतीतल्या पाइपांतून पावसाळ्यात पाणी येऊन पार्किंगमध्ये शेवाळं धरायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी कमिटीने ते पाइप सिमेंटने बुजवले. आता भिंतीला मधोमध पोट आल्यासारखं वाटतं. घाबरण्यासारखं आहे का?
— सोसायटीचे एक सचिव, घाटकोपर

उत्तर : हो, आहे. मी गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. अंक हातात पडेल त्याच दिवशी भिंतीच्या लगतच्या गाड्या हलवा, तळमजल्यावरच्या ज्या खोल्या भिंतीकडे आहेत तिथे पावसाच्या रात्री कुणालाही झोपू देऊ नका, आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा. पाऊस पडत असताना पोट वाढताना दिसलं तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करा आणि इमारतीची ती बाजू रिकामी करा. चर्चा नंतर.

आता कारण सांगते. ते पाइप म्हणजे भिंतीचा श्वास. भिंतीमागे माती आणि तुटलेला खडक आहे, त्यात पावसाचं पाणी मुरतं. पाइप उघडे असताना ते बाहेर पडत होतं आणि तुम्हाला शेवाळाचा त्रास होत होता. आता ते आतच साचतं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो : चार मीटर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरवर चार टन. वरपासून खालपर्यंतची बेरीज केली तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर आठ टन. तुमची भिंत तीस मीटर लांब, म्हणजे २४० टनांचा रेटा, मातीचा रेटा वेगळाच. ज्याने भिंत बांधली त्याने हा रेटा हिशोबात धरला नव्हता, कारण त्याने पाइप ठेवले होते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या मते तीच जास्त घातक. खडक किंवा माती जागेवर थांबते ती एका पृष्ठभागाने दुसऱ्यावर टाकलेल्या वजनामुळे, घर्षणामुळे. भेगेत पाणी भरलं की ते दोन्ही पृष्ठभागांना एकमेकांपासून ढकलतं. वजन तेवढंच राहतं, पकड मात्र सुटते. तेरझागी या अभियंत्याने मातीच्या बाबतीत हे शंभर वर्षांपूर्वी मांडलं आणि आजही जगातल्या प्रत्येक खाणीचा उतार याच तत्त्वावर तपासला जातो. घरी करून बघा. पोळपाट तिरका धरा आणि त्यावर वाटी ठेवा. एका कोनापर्यंत वाटी हलत नाही. मग पोळपाटाला पातळ, सैल कणकेचा हात फिरवा आणि पुन्हा बघा. कोरड्या, खरखरीत खडकाच्या भेगेवर साधारण तीस अंशांपर्यंत पकड राहते. तीच भेग ओल्या चिकणमातीने भरलेली असेल तर पंधरा अंशांवर, कधी त्याहूनही कमी कोनावर, वरचा खडक घसरतो.

मोठ्या उघड्या खाणीत यासाठी काय करतात माहीत आहे? उताराच्या पोटात आडवी, किंचित वर चढणारी लांब भोकं पाडतात आणि त्यांत सच्छिद्र पाइप घालतात. तुमच्या भिंतीत जे पाइप होते त्याचीच मोठी बहीण. एका खाणीत अशा भोकांतून पहिल्या दिवशी पाणी कारंज्यासारखं उडालेलं मी पाहिलंय. तिथल्या फोरमनने नारळ फोडला होता.

तुम्ही स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन पाइप मोकळे करायला जाऊ नका. पोट आलेल्या भिंतीसमोर उभं राहणं हाच धोका आहे. भू-तांत्रिक अभियंता बोलवा. तो आधी टेकडीवरून वाहून येणारं पाणी वरच्या बाजूला गटार काढून वळवेल, मग बाजूने सुरुवात करून निचरा मोकळा करेल. त्याला एक प्रश्न जरूर विचारा : मागचे थर कुठल्या दिशेला कललेत? मुंबईतले लाव्हाचे थर सपाट पडलेले नाहीत, ते साधारणपणे पश्चिमेला, समुद्राकडे, दहा-पंधरा अंशांनी झुकलेले आहेत. टेकडीच्या पश्चिम अंगाला कापणी केली असेल तर थर तुमच्या पार्किंगकडे उतरतात. मध्ये तांबडा मातीचा थर असेल आणि तो भिजला, तर वर सांगितलेला पंधरा अंशांचा हिशोब आठवा.

तोपर्यंत भिंतीवरच्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना लांबूनच दिसेल अशी खूण आणि तारीख घाला, तीही कोरड्या दिवशी. रोज एकाच जागेवरून फोटो काढा. जुलै २०००मध्ये तुमच्याच घाटकोपरला टेकडीचा कडा झोपड्यांवर कोसळला होता, सत्तरहून अधिक माणसं गेली. तिथल्या लोकांना असं पत्र लिहायलाही वेळ मिळाला नव्हता. तुम्हाला मिळालाय.

प्रश्न : लहानपणी अंधेरीला गिल्बर्ट हिलवरच्या देवळात जायचो. ते उभे खांब कुणी कोरले, असं आजी विचारायची. मुंबईत खाणी होत्या का?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : कुणी कोरले नाहीत. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि वाळलेल्या तळ्यातला चिखल तडकतो तसा बहुकोनी तडकतो. भेगा वरून खाली जात राहतात आणि खांब उभे राहतात. सुमारे सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. टेकडी आज साठेक मीटर उंच, सुळक्यासारखी दिसते ती आजूबाजूचा खडक माणसांनी फोडून नेला म्हणून. कोळसा-सोनं नसलं तरी मुंबईने दगड भरपूर काढलाय : कुर्ल्याचा, मालाडचा पिवळसर दगड तर फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या अंगावर आहे. उभ्या भेगांचा खडक समोरून कापला की खांब पुढे कलून उलथतात, घसरत नाहीत. पायथ्याशी उभे राहाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी जिऑलॉजीत एम.एस्सी. झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका उघड्या कोळसा खाणीवर जिओटेक्निकल विभागात तिला नोकरी मिळते आहे. तिचे बाबा म्हणतात, मुंबईत मेट्रोची एवढी कामं निघालीत, खाणीत कशाला? मला खाण कोसळण्याची भीती वाटते. ताई, तुम्ही त्यातल्या आहात. ती तिथे नेमकं काय करणार आणि तिला पाठवावं का, खरं सांगा.
— एक आई, लालबाग

उत्तर : ताई, माझी आई गिरगावात चाळीच्या गॅलरीत उभी राहून हेच विचारत होती, १९८४ साली. म्हणून आधी तुमच्या भीतीला मान देते. खाणी कोसळतात. २९ डिसेंबर २०१६च्या संध्याकाळी झारखंडमधल्या राजमहल खाणीत दगडमातीचा ढिगारा सरकला आणि २३ कामगार गेले. असं घडू नये यासाठीच तुमच्या मुलीची जागा निर्माण झाली आहे. २०१७च्या कोळसा खाण नियमावलीत उघड्या खाणीचा आणि ढिगांचा उतार शास्त्रीय अभ्यासावरून ठरवायला सांगितलं आहे.

ती काय करणार? चंद्रपूरकडच्या खाणीचा काप डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांत वर काळी कापसाची माती, पावसात फुगणारी, उन्हात फाटणारी. त्याखाली कामठीचा वालुकाश्म, स्पंजासारखा पाण्याने भरलेला. मग शेल, वालुकाश्म आणि खाली कोळसा. कोळशापर्यंत पोहोचायला वरचं सगळं काढावं लागतं. खाणीवर त्याला ओबी म्हणतात. खाण पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते, त्या पायऱ्या म्हणजे बेंच, आणि काढलेल्या ओबीचे डोंगर बाजूला रचले जातात. बेंच किती उंच, किती उभा, पायरी किती रुंद, ढीग कुठे आणि कुठवर चढवायचा, हे ठरवणं तिचं काम. उतार पाच अंशांनी जास्त सपाट ठेवला तर लाखो घनमीटर जास्त दगड उचलावा लागतो, म्हणून मॅनेजर उभा उतार मागतो. पाच अंशांनी उभा ठेवला तर खाली डंपर चालवणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार. या दोघांच्या मध्ये ती उभी असेल, हातात कंपास आणि पाण्याच्या पातळीची वही घेऊन.

सकाळी पहिलं काम बेंचच्या काठावरून चालणं. नवी भेग आहे का? काठाजवळचं गवत तिरकं झालंय का? डंपरचा रस्ता, म्हणजे हॉल रोड, कुठे फुगलाय? जमिनीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या कुठल्या पिझोमीटरमध्ये पाणी चढलंय? दुपारी खडकावरच्या भेगांची दिशा आणि कल मोजायचा, कुठल्या दोन भेगा मिळून खडकाची पाचर सुटेल ते काढायचं. ओबीचा ढीग काळ्या मातीवर रचलाय की ती माती खरवडून काढून मग रचलाय, हे तिला कुणी आपणहून सांगणार नाही. तिने जाऊन खणून बघायला हवं. विदर्भात ढिगांचा पाय तिथेच घसरतो.

एक माझ्या अनुभवातलं सांगते. जुलैचा महिना होता. वरच्या बेंचवर काठापासून सहा मीटर आत मला एक भेग दिसली, बोट जाईल एवढी. तेव्हा आमच्याकडे रडार नव्हतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि रोज सकाळी स्टीलच्या टेपने अंतर मोजायला लागले. भेग रोज किती रुंदावली तर ४ मिलिमीटर, मग ५, ७, १०, २०. फुकुझोनो या जपानी संशोधकाने १९८५ साली एक साधी युक्ती दाखवली होती : वेग उलटा करून मांडायचा. पाव, पाचवा भाग, सातवा, दहावा, विसावा. हे आलेखावर मांडले की जवळजवळ सरळ रेषा खाली उतरते आणि जिथे ती शून्याला भिडते तो दिवस कोसळण्याचा. माझी रेषा सहाव्या दिवशी शून्याला जात होती. पाचव्या दिवशी दुपारी आलेख घेऊन मॅनेजरांसमोर उभी राहिले. त्यांनी दोन मिनिटं कागदाकडे पाहिलं आणि खालचं शॉवेल, म्हणजे दगड उपसणारं यंत्र, बाहेर काढायला सांगितलं. सहाव्या दिवशी काहीच झालं नाही. पाऊसही थांबला. कँटीनमध्ये लोक माझ्याकडे बघत होते, उत्पादन बुडाल्याचं बोलत होते. ती रात्र मी झोपले नाही. सातव्या दिवशी पहाटे बेंच बसला, शॉवेल उभं असायचं त्या जागेवर. ऑपरेटर वणीचा होता. दिवाळीला त्याच्या घरून चिवड्याचा डबा आला, पुढची नऊ वर्षं येत राहिला.

आज हेच काम रडार करतं, दर काही मिनिटांनी, मिलिमीटरभराची हालचाल टिपत. अमेरिकेत युटामधल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ला अवाढव्य दरड कोसळली, कोट्यवधी टनांची. एकही माणूस जखमी झाला नाही, कारण हालचाल महिनोन्‌महिने मोजली जात होती आणि माणसं आधीच बाहेर काढली होती. तरी मी तुम्हाला शाश्वती देणार नाही. काही उतार, विशेषतः ब्लास्टिंगनंतर किंवा ढगफुटीनंतर, फारशी सूचना न देता जातात. म्हणून तिने पावसात बेंचच्या पायथ्याशी उभं राहून नोंदी घ्यायच्या नाहीत, हे तुम्ही आईच्या अधिकाराने बजावा.

तिच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मेट्रोचं काम चांगलंच आहे, मीही निवृत्तीआधी बोगद्यांचे कोअर वाचले. पण बोगद्याला अस्तर लागलं की तो खडक कायमचा झाकला जातो. खाणीत दर आठवड्याला नवा खडक उघडा पडतो आणि गेल्या आठवड्यातलं तुमचं अनुमान बरोबर होतं की चूक, ते समोर दिसतं. पंचवीस वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठी शाळा मला माहीत नाही.

एक गोष्ट मनात राहवत नाही म्हणून लिहिते. १९५२च्या खाण कायद्यात बाईने भूमिगत खाणीत काम करायला मनाई होती. मी वर्षानुवर्षं चानकाच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीच्या, तोंडाशी उभी राहिले आणि खाली गेलेल्या सरदारांनी, म्हणजे खाणीतल्या मुकादमांनी, वर येऊन वहीत काढून दिलेल्या भेगांच्या चित्रांवरून अहवाल लिहिले. ती चित्रं फार प्रामाणिक होती, तरी ती माझ्या डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. २०१९च्या सुरुवातीला सरकारने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी बायकांना खाली जायची मुभा दिली. तोवर मी निवृत्त झाले होते. तुमच्या मुलीची खाण उघडी आहे, पण उद्या तिला खाली जावंसं वाटलं तर तिला कुणी अडवणार नाही. बातमी वाचली त्या दिवशी मी मुलुंडच्या घरात एकटीच बसून रडले होते.

रुजू होण्याआधी तिने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. उताराबद्दलचा तिचा अहवाल कुणाकडे जातो : सुरक्षेकडे की फक्त उत्पादनाकडे? काम थांबवा म्हणायचा अधिकार तिला लेखी मिळेल का? आणि गेल्या पावसाळ्यातल्या पिझोमीटरच्या नोंदी दाखवतील का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर पगार कितीही असो, तिने दुसरी खाण बघावी.

आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जुना डोझर ऑपरेटर शोधायचा. त्याला विचारायचं, "काका, पावसाळ्यात रस्ता पहिल्यांदा कुठे फुगतो?" तो जागा दाखवेल. पहिली खुंटी तिथे ठोकायची.